सत्तर दुव्यांपैकी वर्गात नेमके काय न्यावे?

मॅडम, आपला प्रश्न मला समजला तो असा. मंद्रूपजवळच्या जिल्हा परिषद शाळेत आपण पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवता. बहुतेक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते. शाळेत लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आणि एक जुना लॅपटॉप आहे, इंटरनेट मात्र आपल्या फोनपुरतेच आहे. केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'शिक्षकांसाठी मोफत संकेतस्थळे' या नावाने सत्तर दुव्यांची यादी आली आहे आणि तिच्यात सुरुवात कोठून करावी, हे आपल्याला हवे आहे. मी सोलापूर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मुलांना 23 वर्षे हेच दोन विषय शिकवत आलो आहे. आमच्याकडे घरची भाषा तेलुगू, आपल्याकडे कन्नड, एवढाच काय तो फरक.

ती यादी तूर्त बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा याद्या मीही हौसेने जमवल्या, तीन पेन ड्राइव्ह भरले आणि त्यांतील नऊ-दशांश साहित्य पुन्हा कधी उघडलेही नाही. एकदा शिक्षण परिषदेत नमुना पाठ घेताना मी थेट इंटरनेटवरून चित्रफीत दाखवायला गेलो आणि तीस-पस्तीस शिक्षकांच्या साक्षीने पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत राहिले. शेवटी खडू उचलला. त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळतो: जे आधीच उतरवून घेतलेले नाही ते वर्गात न्यायचे नाही, आणि संकेतस्थळापासून पाठाकडे यायचे नाही, पाठापासून संकेतस्थळाकडे जायचे. मुले नेमकी कोठे अडतात हे आधी वहीत लिहावे आणि मगच त्या अडचणीपुरते साहित्य शोधावे.

अडचण म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. पाचवीत अपूर्णांक शिकवताना एक मुलगी तीन-चतुर्थांश या शब्दापाशी दरवर्षीच्या मुलांसारखीच थांबली. मी नेहमीप्रमाणे 'म्हणजे पाऊण' असे सांगितले आणि तिचा गोंधळ वाढला, कारण पाऊण या शब्दात पावाची वजाबाकी आहे. एकातून पाव गेला की पाऊण उरतो. घरी काय म्हणतात, असे विचारल्यावर ती म्हणाली, 'मुप्पावु'. तेलुगूत पावु म्हणजे पाव आणि मुप्पावु म्हणजे तीन पाव. वर तीन, खाली चार, असे जे आपण फळ्यावर लिहितो तेच तिच्या तोंडात आधीपासून होते आणि मी ते बाजूला सारून तिला मराठी पाऊण पाठ करायला लावत होतो. आपल्याकडे तर काम आणखी सोपे आहे, कारण कन्नडमध्ये कालु म्हणजे पाव आणि मुक्कालु म्हणजे तीन पाव. आपल्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांना हा शब्द आजीकडून आलेला असणार.

म्हणूनच माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचे मोफत साहित्य त्या यादीत बहुधा नसेलच: बालभारतीची कन्नड माध्यमाची पाठ्यपुस्तके. 1967 साली पुण्यात स्थापन झालेली ही संस्था मराठीखेरीज कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती अशा अनेक माध्यमांची पुस्तके काढते आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. अभ्यासक्रम एकच असल्यामुळे आपला सातवीचा विज्ञानाचा पाठ कन्नड पुस्तकातही त्याच आशयासह सापडतो. आकृत्यांवरून जुळवून घेता येते. आपल्याला कन्नड लिपी वाचता येत नसली तरी अडत नाही, कारण सहशिक्षकांपैकी किंवा पालकांपैकी कोणी तरी वाचणारे मिळतेच. मी आमच्याकडे तेलुगू पुस्तकांवरून प्रत्येक पाठाच्या आठ-दहा शब्दांची जोडयादी करून फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. घनता या शब्दाला तेलुगूत सांद्रता आणि कन्नडमध्ये सांद्रते म्हणतात, हे त्यातूनच कळले, आणि 'सांद्र' हा शब्द तर आपल्या मराठीतही आहे. शिकवणे मराठीतूनच चालू राहते. शब्द ओळखीचा झाला की मूल पुढचे वाक्य ऐकू लागते.

आता संगणकावर दाखवण्याच्या साहित्याकडे येतो. गणित आणि विज्ञानासाठी एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी फेटची निवड करीन. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प 2002 साली भौतिकशास्त्रातील नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केला. पडद्यावर हाताळता येणाऱ्या या प्रयोगांची स्वयंसेवकांनी केलेली भाषांतरे मराठीसह अनेक भाषांत आहेत. प्रयोगाची फाइल एकदा उतरवून घेतली की ती लॅपटॉपच्या साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते, हा आपल्या दृष्टीने मुख्य गुण. अपूर्णांकांच्या प्राथमिक प्रयोगात मजकूर जवळजवळ नाहीच. वर्तुळ, पट्टी, केक किंवा संख्यारेषा निवडायची, छेद चार करायचा आणि एकेक तुकडा ओढून आणायचा. तिसरा तुकडा बसला की मुलांकडून 'मुक्कालु' वदवून घ्यावे, मग फळ्यावर तीन छेद चार लिहावे आणि पाऊण हा शब्द सर्वांत शेवटी, चौथा रिकामा भाग दाखवून सांगावा.

विद्युत परिपथ शिकवायचा असेल तर त्यासाठी फेटचा परिपथ जोडण्याचा संच उत्तम आहे, पण एक पथ्य पाळावे. आधी खरा सेल, खरी तार आणि टॉर्चचा खरा बल्ब मुलांच्या हाती द्यावा. पडद्यावरचा बल्ब त्यानंतर. मुलांची एक पक्की समजूत अशी असते की बल्ब करंट 'खातो' आणि परतीच्या तारेत कमी करंट उरतो. खऱ्या बल्बकडे कितीही पाहिले तरी ही समजूत मोडत नाही. फेटमध्ये बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे करंट मोजणारे दोन अमीटर लावले की दोन्हींवर सारखाच आकडा दिसतो आणि वर्गात क्षणभर शांतता पसरते. मी आकडे दिसण्याआधी हात वर करायला लावून मते मोजून घेतो, कारण चुकीचा अंदाज उघडपणे केलेला असला की बरोबर उत्तर अधिक काळ टिकते. आणखी एक सूचना: सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर आग लागते. प्रत्येक मुलाला ती लावून पाहायचीच असते, तेव्हा त्यासाठी दहा मिनिटे वेगळी ठेवावीत, एरवी ती दहा मिनिटे आपल्या पाठातून जातात. खऱ्या सेलवर तसे करू नये, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. भाषांतरातील काही शब्द आपल्या पुस्तकातल्या शब्दांहून वेगळे असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा पाहून ठेवावे.

दीक्षा हे केंद्र सरकारचे व्यासपीठ सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झाले आणि आपल्या पुस्तकांतील क्यूआर कोड त्यालाच जोडलेले आहेत. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड चिकटवण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, हे सोलापूरकरांना मी वेगळे सांगायला नको. उपयोगाच्या बाबी दोनच. छपाई पुसट असून कोड वाचला गेला नाही तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरांची खूण अ‍ॅपमध्ये टाइप केली तरी तोच पाठ उघडतो. दुसरे, चित्रफीत अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवता येते, त्यामुळे घरच्या वायफायवर रात्री हे काम करून यावे. दर्जा मात्र फार कमीजास्त आहे. काही चित्रफिती सुरेख आहेत, तर काहींमध्ये पुस्तकातील परिच्छेद नुसता वाचून दाखवलेला आहे, आणि तो आपण अधिक चांगला वाचू शकतो. संपूर्ण पाहिल्याशिवाय कोणतीही वर्गात नेऊ नये.

आपण भाषा शिकवत नसलात तरी स्टोरीवीव्हरकडे जरूर पाहावे. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर चित्रकथा चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. एकच कथा अनेकदा मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूतही मिळते. दोन्ही भाषांतील प्रती छापून शेजारी ठेवल्या की मूल घरी जाऊन एक प्रत आईला दाखवते आणि दुसरी स्वतः वाचते. विज्ञान आणि गणिताच्या कल्पनांवर आधारित गोष्टीही तेथे आहेत. त्यांचा परवाना इतका मोकळा आहे की लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावे कायम ठेवून आपण मजकूर बदलू शकतो. पुणेरी वळणाची मराठी मी दोन-तीनदा आमच्या मुलांच्या बोलीजवळ आणली आहे.

टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला मी पडद्यावरचे साहित्य म्हणत नाही. तेथील खेळण्यांच्या चित्रफिती शिक्षकाने घरी पाहाव्यात आणि वर्गात पडदा बंद ठेवून वस्तू करायला घ्याव्यात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण आणि चौकोन करायचे. चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, त्रिकोण तसूभरही हलत नाही. यंत्रमागाच्या शेडचे छप्पर त्रिकोणी कैच्यांवर, म्हणजे आधाराच्या चौकटींवर, का उभे असते, हे आमच्या मुलांनी त्यानंतर मला सांगितले. व्हॉल्व्ह ट्यूब हल्ली सायकलच्या दुकानात सहज मिळत नाही, तेव्हा दिसली की चार-पाच मीटर घेऊन ठेवावी.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. मराठी विश्वकोशाच्या नोंदी आपल्या स्वतःच्या तयारीसाठी आहेत; मुलांना वाचून दाखवण्याइतक्या त्या सोप्या नाहीत, पण शंकानिरसनासाठी माझा पहिला विश्वास त्यांच्यावर असतो. 1971 पासून निघणाऱ्या किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत उपलब्ध केले आहेत आणि मोकळ्या तासाला त्यांच्याइतके चांगले दुसरे काही नाही. भूगोलासाठी गुगल अर्थवरून उजनी जलाशयाची वेगवेगळ्या वर्षांतील दोन चित्रे काढून ठेवावीत, एक भरल्या धरणाचे आणि एक दुष्काळातले. सोलापूरच्या मुलांना त्यावर काही समजावून सांगावे लागत नाही, ती आपणच बोलू लागतात.

मोफत असणे आणि मोकळे असणे यांत फरक आहे, तोही ध्यानात असू द्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेला सूट आहे, म्हणून वर्गापुरती प्रत काढण्यास घाबरू नये. तीच सामग्री स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर चढवणे मात्र या सवलतीत बसते असे मानू नये. तेथे मूळ परवाना पाहावा लागतो. तसेच जे अ‍ॅप प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल क्रमांक मागते, ते कितीही 'मोफत' असले तरी मी वर्गात येऊ देत नाही. वर सांगितलेल्यांपैकी कशासाठीही मुलांचे खाते उघडावे लागत नाही. लागलेच तर आपले एक पुरते.

आपल्या टीव्हीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. जुना टीव्ही पुष्कळदा फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह ओळखतो आणि त्यावर 4 जीबीहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, म्हणून लहान चित्रफिती ठेवाव्यात. पेन ड्राइव्हवरून फेटचे प्रयोग टीव्हीवर चालणार नाहीत; त्यासाठी लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा लागेल. लॅपटॉपला तसे छिद्र आहे का, ते आधी पाहा. नसेल तर व्हीजीएचे जुने छिद्र असेल आणि त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागेल. तो घेताना आवाजही जातो का, हे दुकानातच जोडून पाहावे, कारण व्हीजीएमधून फक्त चित्र येते.

आपला अपूर्णांकांचा पाठ कोणत्या आठवड्यात आहे ते कळवावे. माझ्या जोडयादीत कन्नडचा रकाना अजून अर्धा रिकामा आहे; आपल्या मुलांकडून अर्धा, पाव, दीड आणि अडीच यांचे घरचे शब्द मिळाले तर तो भरून मी पूर्ण यादी आपल्याला पाठवीन.