दुबईला निघण्याआधी बँकेचं एवढं करून घे

दुबईच्या नोकरीबद्दल अभिनंदन रे! घाबरू नकोस, सुरुवातीला परदेशात राहणाऱ्या भारतीयांची (एनआरआय) दोनच खाती समजून घे.

- एनआरई: तिकडचा पगार इकडे पाठवायला. व्याजावर भारतात कर नाही, पैसे कधीही परत नेता येतात.
- एनआरओ: जुळे सोलापुरातल्या घराचं भाडं यात. व्याजावर ३० टक्के टीडीएस (बँक आधीच कापून घेते तो कर), वर सेस, म्हणजे उपकर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात ते चालत नाही, एनआरओ करून घ्यावंच लागतं. मी दोन वर्षं टाळलं आणि सुट्टीचे चार दिवस, गड्ड्याच्या जत्रेतले, बँकेत घालवले. फार वाईट वाटलं.

इथलं सिम बंद पडू देऊ नकोस, ओटीपी त्यावरच येतात. गुंतवणुकीचं पहिल्या पगारानंतर बोलू.