चारच क्लायंट आहेत, एवढ्यावर संशोधन होतं का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: एम.ए.च्या प्रकल्पाला चारच क्लायंट मिळालेत, चौघांचीही तक्रार परीक्षेच्या भीतीची. गाइडनी सिंगल-सब्जेक्ट डिझाइन (एकेका माणसाच्या वारंवार नोंदी घेऊन करायचा अभ्यास) सुचवलंय. धास्ती ही, की बाहेरचे परीक्षक 'सॅम्पल किती?' एवढंच विचारून उडवून लावतील. शिवाय एबीएबी, म्हणजे उपचार मध्येच थांबवून परत देण्याचं डिझाइन, घ्यायचं का, हेही ठरत नाहीये.

सॅम्पलचं उत्तर सोपं आहे. इथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये विस्मरणाचे निष्कर्ष मांडले तेव्हा प्रयोगकर्ताही तोच आणि प्रयुक्तही (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) तोच, आणि त्याचा विस्मरणाचा वक्र आपण अजून पेपरात काढतो. तुम्हाला अडवणारा प्रश्न वेगळाच आहे: बदल तुमच्या समुपदेशनानेच झाला कशावरून?

मी तिथेच आपटले होते. माझ्या पहिल्या अभ्यासात एकच क्लायंट आणि साधं एबी डिझाइन, म्हणजे आधी बेसलाइन (उपचाराआधीच्या नुसत्या नोंदी), मग उपचार. बेसलाइन फक्त तीन दिवसांची, कारण सबमिशन तोंडावर आलेलं. त्या तीन दिवसांत चिंतेचे आकडे ९, ८, ७ असे उतरतच होते. मी खुशाल सत्रं सुरू केली आणि पुढचे ६, ५, ४ स्वतःच्या खात्यावर जमा केले. परीक्षकांनी आलेखावर पट्टी ठेवून बेसलाइनची रेघ पुढे ओढली. ती माझ्या सगळ्या बिंदूंवरून सरळ गेली. म्हणाले, "तुम्ही नसतात तरी हेच झालं असतं की!" माणूस मदत मागायला येतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, तिथून थोडाफार तो आपोआपच सावरतो.

एबीएबीत उपचार द्यायचा, काढून घ्यायचा, परत द्यायचा. वर्गातल्या शाबासकीला किंवा टोकनला ते चालतं. पण भीतीदायक विचार तपासून बघायला शिकलेल्या मुलीला 'आता दोन आठवडे हे विसर' असं कसं सांगणार? आणि सांगता आलं तरी, सावरू लागलेल्या माणसाला मुद्दाम मागे ढकलायचं का?

तुमच्यासाठी मल्टिपल बेसलाइन घ्या. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी १९६८ च्या लेखात ती मांडली आहे. चौघांची मोजणी एकाच दिवशी सुरू करायची, सत्रं मात्र एकेकाची, टप्प्याटप्प्याने. प्रत्येकाची रेघ आपापली पाळी येईपर्यंत जागेवर राहिली आणि पाळी आल्यावरच उतरली, तर श्रेय दुसऱ्या कशाला देणं अवघड होतं. तुमच्या विषयात हे फारच कामाचं आहे: पेपर संपले की भीती सगळ्यांची एकदमच ओसरेल, आणि ते आलेखात लगेच पकडलं जाईल.

शैक्षणिक संशोधनाचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसच्या २०१० च्या निकषांत परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यात (बेसलाइन किंवा उपचार) किमान ३, शक्यतो ५ नोंदी हव्यात. तुमच्याकडे चौघं आहेत, म्हणजे एक जण मध्येच गळाला तरी निभावेल. (गळतोच.) कोणाची पाळी कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मात्र कोणाच्या बोलण्यात आत्महत्येचे विचार आले तर त्याला अभ्यासातून बाहेर काढून त्याच दिवशी मदत सुरू करायची. बेसलाइन थांबू शकते, तो नाही.

मापनात एक खड्डा आहे. जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ती रोज भरून घेतली तर आकडे एकमेकांत मिसळतात आणि बदल उशिरा दिसतो. रोजच्यासाठी ० ते १० अशी साधी नोंद ठेवा, जीएडी-७ सुरुवातीला आणि शेवटी. नुसतं रोज लिहिण्यानेही काहींची भीती कमी होते. बेसलाइन लांब ठेवायचं हे आणखी एक कारण.

विश्लेषणात टी-टेस्टकडे (दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी) धावू नका. आजचा आकडा कालच्यावर अवलंबून असतो, आणि टी-टेस्ट नोंदी स्वतंत्र धरून चालते. आधी आलेख नीट बघा: पातळी, कल, चढउतार, बदल किती लवकर आला, दोन टप्प्यांचे बिंदू किती एकमेकांवर येतात. पीएनडी, म्हणजे बेसलाइनच्या सगळ्यात चांगल्या आकड्यापेक्षाही सरस असलेल्या उपचारातल्या बिंदूंची टक्केवारी, सगळेच काढतात, कारण ती काढायला सोपी आहे. पण समजा बेसलाइन ८, ७, ८, २, ८ आणि उपचारात ४, ३, ३, ४, ३. त्या एका २ च्या खाली उपचारातला एकही बिंदू नाही, म्हणून पीएनडी येते चक्क शून्य! बेसलाइनचा प्रत्येक आकडा उपचारातल्या प्रत्येक आकड्याशी जोडून बघितला तर २५ जोड्यांपैकी २० अनुकूल, ५ प्रतिकूल, म्हणजे टाऊ (अनुकूल वजा प्रतिकूल, भागिले एकूण जोड्या) ०.६०. दोन्ही द्या, आणि तो २ कुठल्या दिवशी आला हे क्लायंटला विचारून लिहा. माझ्या एका क्लायंटच्या बाबतीत त्या दिवशी पेपर पुढे ढकलला गेला होता.

निष्कर्षात 'पद्धत परिणामकारक सिद्ध झाली' असं लिहू नका. चौघांपैकी किती जणांत, कितव्या सत्रानंतर, केवढा फरक दिसला, तेवढंच लिहा. ज्याच्यात काहीच फरक पडला नाही त्याचाही आलेख छापा. व्हायव्हात सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच जाईल.