ओव्हन ३५० फॅरनहाइटवर ठेवूनही केक कच्चा राहतो. रेंज बिघडली आहे, की माझंच काही चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नुकतेच आलात, भाड्याच्या घरात कॉइलवाली जुनी इलेक्ट्रिक रेंज (वर शेगड्या, खाली ओव्हन) आहे, केक वरून करपतो आणि खालून पांढरा राहतो, शिवाय पुढची एक शेगडी तापतच नाही. एवढं सगळं नीट सांगून शेवटी "की माझंच काही चुकतंय?" त्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसले.

तुमचं चुकत नाहीये. वरून करपलं आणि खालून पांढरं राहिलं, तर बहुतेक वेळा ओव्हनच्या तळाचं एलिमेंट, म्हणजे विजेने तापणारी सळई, गेलेलं असतं आणि वरचं एकटंच राबत असतं. हे मला माहीत आहे, कारण त्या एलिमेंटपायी मी एक अख्खी दिवाळी बोलणी खाल्ली आहेत.

२०१२ साल. आम्ही न्यू जर्सीत. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ येऊन धडकलं, आमची वीज आठवडाभर नव्हती. लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई भारतातून आलेल्या. फ्रीजमधलं सगळं टाकून दिलं होतं, तरी फराळ घरीच करायचा असं मी ठरवलं. तळणाचं सगळं शेगडीवर व्यवस्थित झालं. नानकटाई उरली.

नानकटाई माझ्या माहेरची. साताऱ्याला आई परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत बसायची, पांढरंशुभ्र होऊन पाण्यात टाकलेला थेंब तरंगेपर्यंत. मग पत्र्याचे ट्रे घेऊन मी बेकरीत भाजायला न्यायचे. तिथे नंबर लागायचा, आणि ट्रे बदलू नयेत म्हणून त्यावर खडूने आडनाव लिहिलेलं असायचं. हे फेसणं मी दहाव्या वर्षापासून करत आलेय. त्यात मी चुकत नाही.

त्या दिवशी पहिला ट्रे बाहेर काढला तर वरून गडद तपकिरी, पिस्त्याचे काप काळे झालेले. उलथन्याने एक उचलायला गेले तर खालचा भाग ट्रेलाच चिकटून राहिला, ओलं पीठ, बोटाला तूप लागलं. दुसरा ट्रे दहा मिनिटं जास्त ठेवला. वरून कोळसा, खालून तेच. साठ नानकटाया कचऱ्यात गेल्या. जाऊबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "ओव्हनला कशाला नावं ठेवतेस गं? तूप नीट फेसलं नाहीस. हाताचं असतं हे." सासूबाई काही बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "वहिनी म्हणते तसं एकदा करून बघ ना." मंडळाच्या दिवाळीला मी शंकरपाळे घेऊन गेले, आणि तिथेही जाऊबाईंनी चार जणींना सांगितलं की हिची नानकटाई यंदा फसली.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने रेंजच्या घड्याळाकडे बघितलं, दोन बटणं दाबली आणि वादळानंतर वीज परत आली तेव्हा झटका बसून कंट्रोल बोर्ड जळाल्याचं सांगितलं. बोर्डाचे ४०० डॉलर, येण्याचे ९० वेगळे. मी विचारलं, बोर्ड जळाला असेल तर वरचं एलिमेंट कसं तापतंय? त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, पण नवऱ्याचं मन नवीन रेंज घेण्याकडे वळलं होतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरातला दिवा घालवला, ओव्हन बेकवर ३५० ला लावला आणि पाचेक मिनिटांनी दार किंचित उघडलं. वरचं एलिमेंट मंद लाल. खालचं काळंच. ओव्हन बंद करून थंड होऊ दिला आणि टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले. उजव्या वळणावर तुरीच्या डाळीएवढा फोड, त्याला केसासारखी चीर, चिरेतून पांढरी भुकटी सांडलेली. बस, एवढंच होतं. जुन्या बऱ्याच रेंजमध्ये बेक लावलं तरी वरचं एलिमेंट थोडं मदतीला असतं, म्हणून ओव्हन हळूहळू तापतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

तुम्हीही आधी हेच करा. फोड दिसत नसेल आणि घरात मल्टीमीटर (विजेची मापं घ्यायचं यंत्र) असेल तर वीज तोडून एलिमेंट सोडवा आणि मोजा. चांगलं एलिमेंट साधारण २० ते ३० ओहम दाखवतं, तुटलेलं असेल तर डिजिटल मीटरवर आकडा न येता बहुधा OL दिसतं. बदलणं अवघड नाही: मागच्या भिंतीला दोन स्क्रू, एलिमेंट पुढे ओढायचं, दोन वायरी काढायच्या. त्या वायरी भोकातून मागे निसटल्या तर अख्खी रेंज ओढून मागचा पत्रा उघडावा लागतो, म्हणून सोडवायच्या आधी त्यांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून ठेवा. मॉडेल नंबर दाराच्या किंवा खालच्या ड्रॉवरच्या आत चौकटीवर असतो, पार्ट त्यावरूनच मागवायचा. मला ३५ डॉलर पडले आणि २० मिनिटं लागली.

एलिमेंट बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच पिठाच्या, त्याच हातच्या नानकटाया केल्या. अंगाला भेगा पडलेल्या, खालून एकसारख्या बदामी. जाऊबाईंनी एक खाल्ली आणि म्हणाल्या, "आज तूप बरं फेसलंस." मी तुटलेलं एलिमेंट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. आपल्याकडे पदार्थ बिघडला की आधी बाईचा हात बघतात, आणि यंत्र कोणी मोजत नाही. याचा मला अजून राग येतो.

म्हणून एक ओव्हन थर्मामीटर आणाच. दहा डॉलरच्या आत मिळतो. मधल्या जाळीवर मधोमध ठेवा, ओव्हन अर्धा तास चालू द्या आणि दहा-दहा मिनिटांनी तीन-चार आकडे लिहून घ्या. एकाच आकड्यावर जाऊ नका, कारण एलिमेंट चालू-बंद होत राहतं आणि तापमान वीसेक अंश खालीवर होणं नेहमीचंच आहे. सरासरी ३५० च्या आसपास आली तर ओव्हन बरा आहे. कायम तीसेक अंशांचा फरक असेल तर बऱ्याच डिजिटल रेंजमध्ये तो बटणांवरून सुधारता येतो, माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. फरक त्याहून बराच मोठा असेल तर मागच्या भिंतीतली पेन्सिलीसारखी बारीक सळई, म्हणजे सेन्सर, तपासा. बहुतेक रेंजमध्ये ती थंड असताना १०८० ते ११०० ओहम दाखवते. दाराची विणलेली सीलपट्टी फाटली असेल तर तिथूनही उष्णता जाते.

शेगडीचं सोपं आहे. थंड झाल्यावर ती कॉइल उपसून त्याच मापाची दुसरी तिथे लावा. दुसरी तापली तर कॉइल गेलेली. तीही तापली नाही तर आतलं सॉकेट किंवा नॉबमागचा स्विच. सॉकेट काळं पडलेलं असेल तर नुसती कॉइल बदलून उपयोग नाही, नवीही जळते. रेंज २०१८ नंतरची असेल तर कॉइलच्या मधोमध सेन्सरची चकती असते. भांडं फार तापलं की ती उष्णता तोडते, आणि पोळीचा तवा पुन्हापुन्हा थंड पडल्यासारखा वाटतो. तो बिघाड नव्हे. गोल बुडाची कढई मात्र या शेगडीवर वापरू नका, सपाट बुडाचीच घ्या.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. इथे घरात १२० व्होल्टच्या दोन तारा येतात आणि रेंज दोन्ही मिळून २४० वर चालते. जोडब्रेकरची, म्हणजे वीजपेटीतल्या रेंजच्या दुहेरी खटक्याची, एक बाजू गेली तरी घड्याळ आणि दिवा चालू राहू शकतात, फक्त काहीच तापत नाही. तुमच्याकडे वरचं तापतंय म्हणजे बहुधा तसं नाही, तरी ब्रेकर एकदा पूर्ण बंद करून परत लावा. आणि आत हात घालण्याआधी तो ब्रेकर बंदच पाहिजे. नुसता नॉब शून्यावर आणणं पुरेसं नाही. २४० व्होल्टने जीव जातो. जळका वास, ठिणगी किंवा वितळलेली वायर दिसली तर स्वतः काहीच करू नका. सेल्फ क्लीनचं (ओव्हन प्रचंड तापवून आतली घाण जाळायचं) बटण असेल तर सणाच्या तोंडावर दाबू नका, त्या उष्णतेने आतला फ्यूज उडालेल्या दोन मैत्रिणी मला माहीत आहेत.

तुम्ही भाड्याने राहता, त्यामुळे खरं तर हे बहुतेक वेळा घरमालकाचं काम असतं. माझं घर स्वतःचं होतं. थर्मामीटरचे आकडे आणि एलिमेंटचा फोटो जोडून त्याला ईमेल टाका, फोनवर सांगून सोडू नका. एलिमेंट बदलून झालं की तोच केक पुन्हा करा, रेसिपीतला एक चमचाही न बदलता.