रात्री 2:40 चा फोन

"मॅडम, हे रोज रात्री अडीचला उठून कंट्रोलला फोन लावतात. एकच विचारतात, मेल पास झाली का. हो म्हटलं की पडतात, पण ती काही झोप नाही."

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत भास्कररावांच्या पत्नी बोलत होत्या आणि ते शेजारी मान खाली घालून बसले होते, मांडीवर लाल पुठ्ठ्याची डायरी. (नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या पुढे. उमेदीची सगळी वर्षं रुळांच्या देखभालीत गेलेली, आणि आता रेल्वेच्या एका मंडलात, म्हणजे विभागात, सेफ्टी काउन्सेलर. हे पद थेट भरतीचं नाही, वेगवेगळ्या खात्यांतल्या अनुभवी सुपरवायझरांमधून माणसं घेतात. सेक्शनमध्ये फिरायचं, रूळ, सांधे (जिथून गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते), फाटकं, स्टेशनातली रजिस्टरं पाहायची, इंजिनात बसून गाडी कशी हाकली जाते ते बघायचं, ट्रॅकमन-पॉइंट्समनशी बोलायचं आणि दिसेल ते लिहून वर पाठवायचं. रेल्वेत या कामाला 'संरक्षा' म्हणतात, 'सुरक्षा' म्हणजे आरपीएफचं, रेल्वे सुरक्षा दलाचं काम. पहिल्याच भेटीत मी सुरक्षा म्हणाले, तर त्यांनी हळूच दुरुस्त केलं. या माणसाला चुकीचा शब्द बोचतो, हे मी तेव्हाच टिपून ठेवायला हवं होतं.

ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. स्टेशन मास्तर येतात, मेट्रोत देखभालीला असलेली मुलं येतात, आरआरबीच्या, म्हणजे रेल्वे भरतीच्या परीक्षेत नुकत्याच पास झालेल्या मुलांचे आईवडील येतात. सगळ्यांचं विचारणं एकच: "माझ्या हातून काही राहून गेलं आणि त्यात माणसं गेली तर?" त्यावर "एवढा विचार करू नका" असं सांगणं मला कधीच पटलेलं नाही. या नोकरीत विचार करण्याचाच पगार मिळतो.

भास्कररावांचं सुरू झालं ते 2023 च्या जूनमध्ये. 2 जूनच्या संध्याकाळी बालासोरजवळ बाहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस मेन लाइनऐवजी लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनात गाड्या बाजूला उभ्या करायच्या रुळावर वळली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. 290 हून जास्त माणसं गेली. सिग्नल मेन लाइनचा मिळाला होता, सांधा मात्र लूपकडे लागलेला होता. रेल्वे संरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलातल्या त्रुटींचं आणि 94 नंबरच्या फाटकावर चाललेल्या कामातल्या चुकांचं. भास्कररावांच्या मनात त्यातला 'पूर्वी' हा एकच शब्द रुतून बसला. "म्हणजे मॅडम, कोणीतरी काम केलं, सही केली, घरी गेला. गाड्या जात राहिल्या. आणि मग एक दिवस..." पुढे ते बोललेच नाहीत.

डायरी त्यांनी उघडून दाखवली. तारीख, आणि पुढे मेल पास झाल्याची वेळ. 2:37. 2:41. 2:40. पानामागून पान, एकही रात्र चुकलेली नाही. कंट्रोलमधला, म्हणजे गाड्यांच्या हालचालींवर नजर ठेवणाऱ्या कक्षातला पोरगा आता फोन उचलताच म्हणतो, "गेली काका तुमची गाडी, झोपा."

मी त्यांना सरळ विचारलं, फोन केल्याने गाडी जास्त सुखरूप जाते का? नाही, हे त्यांनाही कळत होतं. फोनमुळे फक्त त्यांचा जीव भांड्यात पडत होता, आणि तोही दुसऱ्या रात्रीपर्यंतच. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. कुलूप चारचारदा ओढून पाहणारा माणूस आणि भास्करराव यांच्या त्रासाची जातकुळी एकच. शंका येते, तपासल्यावर क्षणभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच शंकेला खतपाणी मिळतं. घरच्यांचा धीरही त्यातच मोडतो. त्यांच्या पत्नी रोज रात्री "गेली हो गाडी, काही झालं नाही" म्हणायच्या. प्रेमानेच म्हणायच्या, पण तोही एक फोनच होता.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला ते तयार नव्हते. रेल्वेच्या माणसांना ही भीती असतेच, की कागदावर आलं तर मेडिकल डी-कॅटेगराइज करतील, म्हणजे तब्येतीमुळे या कामाला अपात्र ठरवतील. मी खोटं आश्वासन दिलं नाही. एवढंच म्हणाले, की रोज तीन तास झोपून सकाळी सांधा तपासायला जाणारी नजर किती भरवशाची, ते तुम्हीच मला सांगा. दुसऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याबद्दल असं कळलं असतं तर त्यांनी रिपोर्टात काय लिहिलं असतं? ते बराच वेळ गप्प राहिले, मग गेले. डॉक्टरांनी छोट्या मात्रेत गोळ्या दिल्या आणि बाकी काम माझ्याकडे ठेवलं.

काम म्हणजे फोन पुढे ढकलण्याचं. पहिल्या आठवड्यात 10 मिनिटं, मग 20, मग एक तास. तेवढ्या वेळात अस्वस्थ वाटेल, छातीत धडधडेल, ते होऊ द्यायचं, घालवायला जायचं नाही. पत्नीने धीर द्यायचा नाही, "मला ठाऊक नाही" एवढंच म्हणायचं. त्यांना हे फार जड गेलं. एकदा त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. पण शब्द पाळला.

एका तासापर्यंत आलो आणि गाडं अडलं.

पाचव्या भेटीत मी जे विचारलं ते पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. सेक्शनमधून रात्रभर गाड्या जातात, मग हीच मेल का? भास्कररावांनी डायरी मिटली. मग डोळे मिटले. त्या मेलच्या वाटेवर एका यार्डात एक सांधा होता. त्याच्या जिभेची, म्हणजे रुळाचा जो निमुळता भाग सरकून गाडीला वळवतो त्याची, धार झिजून एका जागी टवका उडालेला. तपासणीत त्यांनी तीनदा लिहिलं: 'बदलावी.' तिन्ही वेळा उत्तर आलं, नोंद घेतली. चौथ्या वेळी कोणीतरी वडीलकीच्या सुरात म्हणालं, किती वेळा तेच लिहाल, जरा सांभाळून घ्या. चौथ्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं: 'लक्ष ठेवावे.'

"एकच शब्द बदलला मी," ते म्हणाले. "आणि लक्ष कोण ठेवणार होतं? मग मीच ठेवतोय, रोज रात्री."

त्या दिवशी मी माझ्या नोंदींत खूप खाडाखोड केली. सगळंच भय मी आजार समजून चालले होते. त्यातलं निम्मं आजार नव्हतंच. ते खरं बोलत होतं, आणि मी त्याला 10-10 मिनिटं थांबायला सांगत होते. अशा कामातल्या माणसाच्या चिंतेला औषध देण्याआधी तिला एकदा नीट विचारावं लागतं, बाई, तुला काय दिसलंय? जे लिहून सांगता येईल ते लिहावं, ज्याला सांगायचं त्याला सांगावं. त्यानंतर जे उरेल तेच माझ्या खोलीतलं काम.

बोलता बोलता त्यांनीच मला सांगितलं, की रेल्वे संरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. 1941 मध्ये निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळं केलं, ते ज्याची तपासणी करायची त्याच्याच ताटाखालचं मांजर होऊ नये म्हणून. नवी लाइन प्रवाशांसाठी खुली करायची तर आयुक्तांची तपासणी आधी लागते, मेट्रोलाही लागते. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने तर 2012 मध्ये आणखी स्वतंत्र, कायद्याने अधिकार असलेलं प्राधिकरण सुचवलं होतं. सेफ्टी काउन्सेलरला मात्र असं कुंपण नसतं. त्याला रिपोर्ट लिहायचा असतो कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याच कामावर. भास्करराव आले की गँग हटवर, म्हणजे ट्रॅकमनच्या खोपटात, गप्पा थांबायच्या. हा एकटेपणा या कामाच्या यादीत कुठे लिहिलेला नसतो, आणि माझ्या मते जबाबदारीपेक्षा माणसं यानेच जास्त खचतात. म्हणून मुलाला झेपेल का, असं विचारणाऱ्या आईवडिलांना मी उलट विचारते, घरी कोणी रुसलं, दोन दिवस बोललं नाही, तर तो आपलं म्हणणं बदलतो का?

पाचवा रिपोर्ट त्यांनी माझ्यासमोर लिहिला नाही. घरी लिहिला, पत्नीला वाचून दाखवला आणि पाठवला: 'बदलावी. तोपर्यंत वेगनिर्बंध लावावा.' त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण या वेळी वरिष्ठांनी तो कागद बाजूला ठेवला नाही. वेगनिर्बंध लागला, गाड्यांना काही मिनिटं उशीर होऊ लागला, आणि तीन आठवड्यांनी ब्लॉक घेऊन, म्हणजे काही वेळ गाड्या थांबवून, जीभ बदलली. भास्करराव त्या रात्री यार्डात स्वतः उभे होते.

मला वाटलं, आता फोन थांबेल. थांबला नाही. नव्या जिभेवरून मेल खडखडत जात होती आणि हे अडीचला टक्क जागे. सवयीला कारण लागत नाही, ती कारणाशिवायही चालत राहते. मग पुन्हा एका तासापासून सुरुवात केली. दोन तास, सकाळपर्यंत, मग एका रात्रीआड. या वेळी मात्र ते स्वतःशी भांडत नव्हते. आत लपवलेलं काही उरलं नव्हतं.

शेवटच्या काही भेटींत डायरीत तारखांपुढच्या जागा कोऱ्या दिसू लागल्या. एका तारखेपुढे वेळेच्या जागी त्यांनी शब्दांत लिहिलं होतं, 'गेली असेल'.

अजूनही महिन्यातून एखाद्या रात्री फोन होतो, ते मला कळवतात. पावसाळ्यात रुळांवर गस्त असते, त्या रात्री ड्यूटीवर असले की ते कंट्रोलशी बोलतातच. त्या फोनांना आम्ही हात लावलेला नाही.