शास्त्रातले कठीण अध्याय वगळून सुवार्ता सांगितली तर तो अप्रामाणिकपणा ठरतो का?

ऐकणाऱ्यांना जड जाणारे भाग बाजूला ठेवून पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, संदेश सांगितला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही. मी सांगलीतील एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे, पाळक (धर्मगुरू) नसतात तेव्हा उपदेश करतो, आणि हा प्रश्न 2019 च्या ऑगस्टपासून माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे.

त्या महिन्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्याही वर गेले. पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या उपासनेत उपदेश माझ्याकडे होता. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरांतला गाळ अजून निघाला नव्हता, काहींच्या अंगावर नातेवाइकांचे कपडे होते. आदल्या दिवशी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी, म्हणजे आम्ही ज्यांना 'वडील' म्हणतो त्यांपैकी, एका ज्येष्ठांनी निरोप पाठवला की, लोकांना धीर हवा आहे, तेव्हा 91 वे स्तोत्र घ्यावे. परमेश्वराचा आश्रय घेणाऱ्याच्या तंबूजवळ अरिष्ट येणार नाही, असे ते स्तोत्र म्हणते. ज्यांच्या माळ्यापर्यंत अरिष्ट शिरले होते, त्यांच्यासमोर मी ते कोणत्या तोंडाने वाचणार होतो? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मोहात पाडताना याच स्तोत्राच्या ओळी म्हणतो. वचन खरे असूनही चुकीच्या जागी वापरता येते, हे तेथे पुरेसे स्पष्ट आहे.

मी विलापगीत हे बायबलमधले शोकगीतांचे पुस्तक निवडले आणि त्याचे पाचही अध्याय वाचले. परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन आपल्या घराघरांतील दिनदर्शिकांवर असते. ते याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, 66 ओव्यांपैकी 22 व्या आणि 23 व्या ओवीत येते. मी धावा केला तरी देव माझी प्रार्थना अडवतो, असे आठव्या ओवीत म्हटले आहे. प्रार्थना आत शिरू नये म्हणून तू स्वतःला मेघाने झाकून घेतलेस, असे 44 व्या ओवीत. करुणेचे वचन या दोन आक्रोशांच्या मध्ये उभे आहे, आणि तेथून उपटून काढले की त्याचे केवळ सुभाषित उरते. पुस्तकाचा शेवटही समाधानाचा नाही. देवाने आम्हांला पुरते टाकून तर दिले नाही ना, या शंकेवर ते थांबते.

उपासनेनंतर मारुती चौकाकडच्या एका बाईंनी मला विचारले, "हे शास्त्रात आहे?" त्यांचा बाप्तिस्मा लहानपणी झाला होता आणि त्यांनी साठी ओलांडली होती. इतक्या वर्षांत त्यांच्या कानांवर हे कोणी घातले नव्हते, म्हणून पुराच्या दिवसांत मनात उठणारी तक्रार म्हणजे आपला अविश्वास, असे त्या समजत होत्या. वडील मात्र सर्वांदेखत म्हणाले, "लोक आधीच रडत आहेत, तुम्ही त्यांना आणखी रडवलेत." मी त्या वेळी गप्प राहिलो, ही माझी चूक झाली. त्यांना मी एवढेच सांगायला हवे होते की, देवाच्या लोकांनी देवासमोर कसे रडावे हेही देवानेच लिहून ठेवले आहे, आणि ते लपवण्याचा अधिकार उपदेशकाला नाही.

कसे सांगावे, असेही आपण विचारले आहे. निवडक वचनांवर बोलण्याऐवजी एक पुस्तक घ्यावे आणि ते आरंभापासून शेवटपर्यंत सांगावे. मग आवडता भाग आणि टाळलेला भाग असा भेदच उरत नाही. अर्थात सर्व काही एकाच दिवशी सांगायचे नसते. देवाचा संपूर्ण मनोदय सांगण्यात आपण कसूर केली नाही, असे प्रेषित पौल इफिस येथील मंडळीच्या वडिलांना सांगतो, तेव्हा त्यामागे तीन वर्षांचे रात्रंदिवस केलेले काम होते. नुकत्याच विश्वासात आलेल्या माणसाला विलापगीतापासून सुरुवात करायला मीही सांगणार नाही.

91 वे स्तोत्रही मी पुढे घेतले, चार महिन्यांनी, घरे उभी राहू लागल्यावर. त्यातल्या पंधराव्या ओवीवर मी सर्वाधिक वेळ बोललो, कारण तेथे देव संकटसमयी त्याच्याजवळ राहीन असे म्हणतो, म्हणजे संकट येणार हे त्या स्तोत्रालाही ठाऊक आहे. वडील त्या दिवशी पहिल्या बाकावर होते.