पहिला सेट घेताना

पाचगणीला पॅराग्लायडिंग केलंस, तरी तो हिशेब स्कायडायव्हिंगच्या कॅनॉपीला, म्हणजे पॅराशूटच्या छत्रीला, लावू नकोस. वजन कपड्या-साहित्यासकट पाउंडात मोज आणि तेवढेच चौरस फूट कॅनॉपी घे. तू साहित्यासह ८५ किलो, म्हणजे साधारण १८७ पाउंड भरशील, म्हणून १९० चौरस फुटांच्या खाली जायचं नाही. मी घाईने लहान घेतली आणि घोटा मोडून घेतला. रंगाचा विचार नंतर.

आता एएडी, म्हणजे रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) आपोआप उघडणारं यंत्र. साधारण २२५ मीटरवरही तू वेगाने कोसळत असशील, तर त्यातला कटर रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापतो. लूप म्हणजे छोटीशी दोरी, पण दर वेळी तिचे धागे विसकटलेत का बघ. यंत्र उडी मारायच्या मैदानावरच चालू करायचं, कारण तिथल्या हवेच्या दाबावरून ते जमीन ठरवतं. साताऱ्यात घरीच चालू करून सखल भागात गेलास, तर त्याची जमीन तुझ्या जमिनीपेक्षा कितीतरी वर राहील. मग मुख्य कॅनॉपी उघडत असतानाच रिझर्व्हही सुटू शकेल, आणि दोन छत्र्या एकमेकींत अडकणं फार वाईट.

जुना सेट स्वस्त मिळाला, तर आधी रिगरला, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या जाणकाराला, दाखव. एएडीची मुदतही तपास. हँडल मात्र तुलाच ओढायचं आहे रे, यंत्राच्या भरवशावर एक सेकंदही थांबू नकोस.