जँगोचे क्लास-बेस्ड व्ह्यूज : आधी कंसातला क्रम बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. नव्या नोकरीत जँगोचं (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) जुनं प्रोजेक्ट गळ्यात पडलंय, व्ह्यूच्या (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडच्या) फाईलमध्ये चार-चार ओळींचे क्लास आहेत, आत लॉजिक म्हणावं असं काही नाही तरी पान उघडतंय, आणि तुम्ही विचारताय, "सगळं फंक्शनमध्ये लिहून काढू का?" नका काढू. निदान एवढ्यात तरी नको.

प्रोजेक्ट, ॲप, मॉडेल, टेम्पलेट हे ठाऊक असेलच, ते सोडून देतो. (मेथडची नावं देवनागरीत लिहितोय, ओळखून घ्या.) तुम्ही अडलाय ते एका गोष्टीपाशी: एरवी आपण लायब्ररीला बोलावतो, इथे फ्रेमवर्क आपल्याला बोलावतं, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. ॲज_व्ह्यू प्रत्येक रिक्वेस्टला क्लासचं नवं ऑब्जेक्ट बनवतं. मग सेटअप, मग डिस्पॅच. डिस्पॅच बघतं रिक्वेस्ट गेट (पान मागणं) आहे की पोस्ट (फॉर्म पाठवणं), त्या नावाची मेथड असेल तर चालवतं, नसेल तर ४०५ ('ही पद्धत इथे चालत नाही') देऊन मोकळं. लिस्टव्ह्यू म्हणजे यादी दाखवणारा तयार क्लास, त्यातली गेट मेथड पुढे गेट_क्वेरीसेट, गेट_कॉन्टेक्स्ट_डेटा आणि शेवटी रेंडर_टू_रिस्पॉन्स अशी जाते. तुमच्या क्लासमधल्या चार ओळी या साखळीत मध्येच वाचल्या जातात. म्हणून 'कोड कुठे आहे' हे त्या फाईलमध्ये शोधून सापडत नाही.

हे असं का, तर जँगो जन्माला आलं २००३ साली कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथे वेब विभागात होते, आणि बातमीदारीच्या घाईत तीच-ती पानं पुन्हा लिहायला वेळ नसायचा. यादी, तपशील, तारखेनुसार संग्रह. आजही जँगोत वर्ष, महिना, दिवस यांच्या संग्रहाचे तयार व्ह्यूज आहेत, ते त्या वर्तमानपत्री वळणाचेच. आधी हे जेनेरिक (तयार) व्ह्यूज फंक्शन होते, पण त्यातला मधलाच एखादा भाग बदलायचा तर सोय नव्हती. २०११ च्या १.३ आवृत्तीत ते क्लास झाले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन' (मिक्सिन म्हणजे दुसऱ्या क्लासला जोडायचा छोटा क्लास, हा लॉगिन तपासतो) जिथे-जिथे आहे ते प्रत्येक ठिकाण उघडा आणि क्लासच्या कंसातला क्रम बघा. मिक्सिन डावीकडे, लिस्टव्ह्यू उजवीकडे हवा. उलटं असेल तर पान विनालॉगिन उघडं आहे.

मेथड शोधताना पायथन कंसात डावीकडून सुरुवात करतो. लॉगिनची तपासणी मिक्सिनच्या डिस्पॅचमध्ये असते, ती करून तो सुपरने (पुढच्या क्लासची तीच मेथड बोलावून) काम पुढच्या क्लासकडे देतो. फाईल पुढच्या टेबलावर सरकवावी तसं. पण जँगोच्या मूळ व्ह्यू क्लासचा डिस्पॅच सुपरला हाक मारत नाही, त्याच्या मते तो शेवटचाच. लिस्टव्ह्यू आधी लिहिला की पहिला सापडतो तो हाच डिस्पॅच, आणि मिक्सिनपर्यंत फाईल जातच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये काही नाही. कोड वाचणाऱ्याला तर 'लॉगिनरिक्वायर्ड' हा शब्द डोळ्यांसमोर दिसत असतो.

मला हे एका संस्थेच्या कामात भेटलं. नाव घेत नाही, विचारूही नका. आधीचा व्हेंडर काम सोडून गेलेला, प्रोजेक्ट आमच्याकडे आलं. अर्जदारांची यादी मोबाइल नंबरांसकट इनकॉग्निटो खिडकीत उघडत होती. दुरुस्ती म्हणजे एका ओळीतल्या दोन शब्दांची अदलाबदल. त्यांच्या आयटी विभागाला कळवलं, तर उत्तर आलं की सध्याच्या कोडचं सिक्युरिटी ऑडिट होऊन सर्टिफिकेट मिळालंय, कोड बदलला तर सर्टिफिकेट रद्द होईल, सबब बदल करू नये. म्हणजे भोक असलेला कोड प्रमाणित आणि भोक बुजवलेला अप्रमाणित! मी स्क्रीनशॉट पाठवले, फोन केले. "लेखी द्या." लेखी दिलं. "विहित नमुन्यात द्या." नमुन्यात 'बदलाचं व्यावसायिक कारण' असा रकाना होता आणि त्यात 'सुरक्षा' हा पर्यायच नव्हता. शेवटी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाने एनजिनएक्समध्ये (जँगोच्या पुढे बसवलेल्या वेब सर्व्हरमध्ये) तो यूआरएलच बंद केला, कारण कॉन्फिगरेशन ही त्यांच्या लेखी 'कोड' नव्हती. मग खुद्द साहेबांना यादी दिसेना, आणि परवानगी त्याच दिवशी आली. अजून आठवलं की डोकं फिरतं. असो.

तर करा काय. मॅनेज.पीवायच्या शेलमध्ये त्या क्लासचा एमआरओ (पायथन ज्या क्रमाने क्लासमध्ये मेथड शोधतो तो क्रम) छापून बघा, म्हणजे कुठला क्लास कुठल्यानंतर येतो ते उघड दिसेल. 'क्लासी क्लास-बेस्ड व्ह्यूज' नावाची साइट आहे, तिथे प्रत्येक तयार व्ह्यूच्या सगळ्या मेथड, त्या कुठून वारशाने आल्या त्यासकट, एकाच पानावर मिळतात. माझ्याकडे तो टॅब कायम उघडा असतो. आणि दर बंद पानामागे एक टेस्ट: लॉगिन न करता मागा, ३०२ (लॉगिनच्या पानाकडे रिडायरेक्ट) आला पाहिजे. २०० (पान उघडलं) आला तर समजा.

माझं मत विचाराल तर (हे मत आहे, इथले काही जण भांडतील) यादी, तपशील, फॉर्म यांना क्लास ठेवावेत. एका पानावर दोन फॉर्म आणि शिवाय यादी असली भानगड असेल तर सरळ फंक्शन लिहावं. यादीचे आणि तपशिलाचे मिक्सिन एकाच क्लासमध्ये कोंबू नका, जँगोचं डॉक्युमेंटेशनही तेच सांगतं. आणि 'सगळ्यांचा बाप' असा एक बेसव्ह्यू बनवून ऑफिसभर सक्तीचा करणारे आर्किटेक्ट भेटले तर चहा पाजा आणि विषय बदला.

दोन सुट्या गोष्टी. सक्सेस_यूआरएल (फॉर्म भरल्यावर जायचा पत्ता) क्लासमध्ये थेट लिहिताना नावावरून पत्ता काढणारं रिव्हर्स नाही, तेच काम गरजेच्या वेळी करणारं रिव्हर्स_लेझी वापरा. क्लास वाचला जातो तेव्हा यूआरएल अजून लोड झालेले नसतात. आणि आधीच्या माणसाने साइट-पॅकेजेसमध्ये (पायथन लायब्ररी इन्स्टॉल होतात त्या फोल्डरमध्ये) शिरून जँगोच्याच फाईली बदलल्यात का तेही तपासा. हसू नका. आवृत्ती अपग्रेड केली की ते बदल मुकाट पुसले जातात.

आवृत्ती कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०२४ ची ५.१ किंवा त्यापुढची असेल तर लॉगिनरिक्वायर्डमिडलवेअर (मिडलवेअर म्हणजे व्ह्यूआधी प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो थर) लावता येतं: सगळी पानं मुळात बंद, हवी ती आपण उघडी करायची. मिक्सिनच्या क्रमाचा प्रश्नच उरत नाही. मात्र लॉगिनचं पान तुमच्या प्रोजेक्टमध्ये घरी लिहिलेलं असेल तर त्याच्यावर लॉगिन_नॉट_रिक्वायर्ड (पान उघडं ठेवायची खूण) लावायला विसरू नका, नाहीतर ते पान स्वतःकडेच रिडायरेक्ट होत बसेल.